ध्वनिरोधक भिंत पाच पावसाळ्यांनंतर किती आवाज पिते?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा एसटीत नेटवर्क गेल्यामुळे अर्ध्यावर तुटला, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. फक्त ‘अं...’ आणि ‘म्हणजे बघा’ थोडे कमी केलेत.

आजचा विषय जरा वेगळा आहे. हायवेच्या कडेला आवाज अडवायला भिंती उभारतात ना, त्या भिंती ऊन, पाऊस, धूळ खाऊन खाऊन कशा बदलतात? नवी असताना आवाज पिणारी भिंत पाच वर्षांनी तेवढाच आवाज पिते का? आणि हे सगळं खारेपाटणमध्ये बसून का बोलायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू. खारेपाटण म्हणजे मुंबईकडून येताना सिंधुदुर्गाचं दार. पूर्वी इथे खाडीतून गलबतं यायची, बंदराचा गाव. शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट इथेच सापडला, शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. आता गलबतं नाहीत, पण वाहतूक आहेच. मुंबई-गोवा महामार्ग, जुना सतरा नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ६६, चौपदरी झाला, काँक्रीटचा झाला. प्रवास सोपा झाला, हे खरंच. पण रस्त्याला लागून ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा. गाड्यांचा वेग वाढला, आणि वेग वाढला की टायरचा आवाज वाढतो. त्यात काँक्रीटचा रस्ता साधारणपणे डांबरी रस्त्यापेक्षा जास्त आवाज करतो, कारण पाण्यावर गाडी घसरू नये म्हणून त्यावर रेघा पाडलेल्या असतात. रात्री दोन वाजता ट्रेलर गेला की खिडकीची काच सांगते, गेला म्हणून.

मग कोणीतरी म्हणतं, “शाळेसमोर तरी साउंड बॅरियर लावा की!” मागणी रास्त आहे. पण साउंड बॅरियर म्हणजे नेमकं काय मागायचं, हे ठाऊक नसेल तर आपल्याला चकचकीत पत्रा मिळेल, उद्घाटनाचा फोटो मिळेल, आणि तीन पावसाळ्यांनी गंजकं सांगाडं मिळेल. म्हणून आजचा भाग.

भिंत दोन वेगळी कामं करते

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पहिलं काम, आवाज अडवणं. दुसरं काम, आवाज पिणं. ही दोन कामं वेगळी आहेत.

अडवायला लागतं वजन. भिंत जड हवी आणि तिला फट नको. एक चौरस मीटर भिंतीचं वजन वीसेक किलो असलं तरी रस्त्याच्या आवाजासाठी साधारण पुरतं, कारण तेवढं झालं की भिंतीतून येणारा आवाज नगण्य होतो. मग मागे जो ऐकू येतो तो भिंतीच्या डोक्यावरून वळसा घालून आलेला असतो. आपल्या जांभ्याच्या चिऱ्याची भिंत याच्या कितीतरी पट जड असते. म्हणजे अडवण्याच्या कामात चिरा पैकीच्या पैकी मार्क घेतो. पण गडगा नव्हे हां! गडग्यात दगड नुसते रचलेले असतात, मधून फटी. भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट राहिली, तर भिंत कितीही जाड असू दे, ती २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. आवाज पाण्यासारखा आहे, भोक सापडलं की तिथून येतो.

उंचीचा हिशोबही लक्षात ठेवा. तुमचा कान आणि गाडी यांच्यामधली सरळ रेषा भिंतीने जेमतेम तोडली, की आवाज साधारण ५ डेसिबल कमी होतो. त्यापुढे उंची वाढवाल तसा दर मीटरला अंदाजे दीड डेसिबल. आणि १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. म्हणजे ‘साउंडप्रूफ’ हा शब्द विसरा. चांगली भिंत आवाज निम्मा करते, गायब करत नाही.

आता दुसरं काम, पिणं. हे कशासाठी? भिंतीच्या मागच्यांसाठी नाही, समोरच्यांसाठी. कडक, गुळगुळीत भिंत आवाज अडवते म्हणजे त्याचं करते काय? परत फेकते. रस्त्याच्या पलीकडे. शाळा वाचली, पण समोरच्या दुकानदाराला दोन्ही बाजूंनी आवाज. म्हणून भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगाला सच्छिद्र काहीतरी लावतात. भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मागे रॉकवूल, किंवा पोकळ खड्यांचं सच्छिद्र काँक्रीट, किंवा लाकडाच्या लांब तंतूंना सिमेंट लावून केलेले बोर्ड.

हे आवाज पितात कसे? आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर बारीक, वेड्यावाकड्या छिद्रांत शिरली की हवा छिद्रांच्या भिंतींना घासते, आणि घासण्यात आवाजाची शक्ती उष्णतेत जाते. अगदी किंचित उष्णता, हाताला लागणार नाही. पण आवाज संपतो. यातली कळीची अट एकच: छिद्रं उघडी हवीत आणि त्यांत हवा हवी.

आता ही अट आणि कोकणातला जुलै महिना शेजारी शेजारी ठेवा.

पाऊस नेमकं काय करतो

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. हवा इतकी दमट, की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशा हवेत सच्छिद्र भिंतीचं चार प्रकारे नुकसान होतं. एकेक बघू.

पहिलं, पाणी भरणं. छिद्रात हवेऐवजी पाणी बसलं की दार बंद. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला, की त्यातली ९९.९ टक्के शक्ती परत फिरते. विहिरीत वाकून ओरडा, पाणी आवाज पीत नाही, परत देतं. तसंच. गंमत म्हणजे त्याच दिवसांत ओल्या रस्त्यावर टायरचा चर्र आवाज वाढलेला असतो. म्हणजे आवाज जास्त आणि पिणारी भिंत तृप्त! पण हे नुकसान तात्पुरतं आहे. ऑक्टोबरचा उन्हाळा आला, भिंत वाळली, की छिद्रं परत उघडतात.

दुसरं, धूळ आणि काजळी. हे तात्पुरतं नाही. आपली तांबडी माती, डिझेलचा धूर, टायरच्या रबराची पूड, हे सगळं पावसाच्या पाण्याबरोबर छिद्रात उतरतं, वाळतं, घट्ट होतं. दरवर्षी एक थर. युरोपात सच्छिद्र डांबराचे रस्ते करतात, आवाज कमी व्हावा म्हणून. तिथला अनुभव असा, की छिद्रं बुजत गेली की रस्त्याचा शांतपणा कमी होत जातो. जिथे चाकं वेगाने फिरतात तिथे पावसात टायरच छिद्रं धुऊन काढतात. कडेच्या पट्टीत तसं होत नाही, ती लवकर बुजते. आता भिंतीवरून तर टायर कधीच जात नाही. तिला कोण धुणार?

तिसरं, शेवाळ. जून लागला की आपल्याकडच्या भिंती हिरव्या होतात, दिसायला छान. पण शेवाळाचा बुळबुळीत ओला थर छिद्रांवर पापुद्रा धरतो, ओल धरून ठेवतो, आणि त्याच ओलीत धूळ चिकटते. म्हणजे पहिल्या दोन शत्रूंना हा घरात घेतो.

चौथं, आतलं रॉकवूल खाली बसणं. हे सगळ्यात फसवं. पत्र्याच्या मागची रॉकवूलची गादी भिजली की जड होते. पाणी बाहेर जायला खाली भोक नसेल तर ती भिजलेलीच राहते, धागे सुटतात, आणि गादी हळूहळू खाली घसरते. वरचा भाग रिकामा. बाहेरून बघाल तर पत्रा जसाच्या तसा. रंग शाबूत. साहेब येऊन बघून जातील, ‘सुस्थितीत’ असा शेरा मारतील. पण वरच्या भागात आवाज पिणारं काहीच उरलेलं नाही. काही ठिकाणी वूलला पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. उपाय चांगला, पण प्लास्टिक जाड घेतलं तर वरच्या पट्टीतला आवाज त्यावरूनच परत फिरतो.

आणि मीठ? मंडळी, इथे खारेपाटण आणि मालवण वेगळे पडतात. वाऱ्यातलं मीठ समुद्रकाठाच्या पहिल्या काही किलोमीटरमध्येच झपाट्याने कमी होतं. मालवण, देवगड, विजयदुर्ग इथे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी खांब जिथे एकमेकांना टेकतात तिथे खारट ओलीत गंज लवकर धरतो, कारण दोन वेगळे धातू आणि मधे मीठपाणी म्हणजे छोटी बॅटरीच होते. खारेपाटण खाडीच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून बरंच आत. इथे मिठापेक्षा ओल आणि धूळ हे मोठे शत्रू. त्यामुळे एकाच जिल्ह्यात एकच डिझाइन सगळीकडे चालवणं बरोबर नाही.

पाचवा शत्रू: रंगाचा डबा

हे खरं तर हवामान नाही, पण हवामान जे दहा वर्षांत करतं ते हा एका दुपारी करतो. भिंत मळली, आता पाहुणे येणार, मारा रंग!

ध्वनिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला एक जुना तक्ता आहे. खरबरीत काँक्रीटचा ब्लॉक, रंग न दिलेला, ५०० हर्ट्झला साधारण ०.३१ इतकं शोषण करतो. म्हणजे आलेल्या शक्तीपैकी ३१ टक्के पितो. त्याच ब्लॉकला रंग दिला की आकडा येतो ०.०६. एक हात रंग, आणि एकतीसचे सहा! ब्लॉक तोच, वजन तेच, अडवण्याचं काम तेवढंच. फक्त छिद्रांची तोंडं बंद झाली. धूळ, शेवाळ, मिठाचे थर हेच करतात, फक्त सावकाश. निवडणुकीची पोस्टरं आणि क्लासच्या जाहिराती पण तेच करतात.

आता प्रामाणिक हिशोब: याने फरक किती पडतो?

इथे थोडं गणित आहे, पण सोपं आहे. समजा, नवी भिंत ८० टक्के आवाज पिते, २० टक्के परत फेकते. जुनी होऊन ती ४० टक्केच पिऊ लागली, तर ६० टक्के परत फेकणार. परत येणारा आवाज तिप्पट, म्हणजे सुमारे ५ डेसिबलने वाढला. ऐकायला भयंकर वाटतं.

पण थांबा. रस्त्यापलीकडच्या माणसाला गाडीचा थेट आवाज तर येतोच आहे. त्यात हा परतीचा मिसळतो. नवी भिंत असताना एकूण आवाज थेट आवाजापेक्षा पाऊण डेसिबलने जास्त, जुनी झाल्यावर २ डेसिबलने जास्त, आणि अजिबात न पिणारी गुळगुळीत भिंत असेल तर जास्तीत जास्त ३. म्हणजे एकाच बाजूला भिंत असेल, तर शोषण कमी झाल्याने पलीकडे साधारण सव्वा डेसिबलचा फरक. कानाला जेमतेम कळेल, बहुतेकांना कळणारही नाही.

मग एवढी चर्चा कशाला? कारण दोन्ही बाजूंना भिंती असल्या की खेळ बदलतो. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर, परत इकडे, असा टोले खात राहतो आणि शेवटी दोन्हीच्या डोक्यावरून सांडतो. अमेरिकेच्या महामार्ग खात्याचा ठोकताळा असा: दोन भिंतींमधलं अंतर उंचीच्या दहा पटीपेक्षा कमी असेल, तर भिंतीचा फायदा ३ डेसिबल किंवा जास्त घटू शकतो. दहा ते वीस पट असेल तर शून्य ते ३. वीस पटीपलीकडे फारसा फरक नाही. चौपदरी रस्त्यावर दोन भिंतींमध्ये ३० मीटर अंतर धरा आणि उंची ३ मीटर. बरोब्बर दहा पट! म्हणजे आपण सीमारेषेवर उभे आहोत. इथे भिंत पिते की नाही याने फरक पडतो, आणि पाच पावसाळ्यांनंतर पिते की नाही यानेही पडतो. उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडलाही हेच लागू. कणकवलीत पुलाखाली उभं राहून ट्रक जाताना ऐका, वरच्या स्लॅबवरून आवाज कसा खाली येतो ते कळेल.

म्हणून माझं मत असं. मोकळ्या जागेत, एकाच बाजूला शाळा किंवा दवाखाना असेल, तर महाग शोषक पॅनेलच्या मागे लागू नका. सिमेंटात नीट बांधलेली, फटी नसलेली चिऱ्याची भिंत मागा. ती इथल्या गवंड्याला येते, इथेच दुरुस्त होते, आणि पावसाला घाबरत नाही. जागा मुबलक असेल तर मातीचा बांध आणखी चांगला. तेवढ्याच उंचीच्या भिंतीपेक्षा साधारण ३ डेसिबल जास्त काम करतो, त्यावर गवत आपोआप येतं. पण ३ मीटर उंच बांधाला पायाशी बारा-तेरा मीटर रुंदी लागते. बाजारात ती कोण देणार?

शोषक भिंत मागा ती दोन्ही बाजूंना वस्ती किंवा भिंती असतील तिथे. आणि मागाल तर देखभालीसकट मागा.

झाडांचं काय, असं कमेंटमध्ये हमखास येतं म्हणून आधीच सांगतो. झाडं लावाच, सावलीसाठी, धुळीसाठी. पण एक ओळ झाडं आवाज जवळजवळ अडवत नाही. ५ डेसिबल कमी व्हायला तीसेक मीटर खोल दाट राई लागते.

शुक नदीला विसरू नका

खारेपाटणची एक खास अडचण आहे. पावसाळ्यात शुक नदीला पूर आला की पाणी बाजारपेठेकडे येतं, हे दरवर्षीचं. आता रस्त्याच्या कडेला सलग, बिनफटीची भिंत बांधली, तर ती पाणीही अडवेल. आवाजासाठी फट नको, पाण्यासाठी फट हवी. मग?

उपाय आहे. भिंतीचे दोन तुकडे करा आणि ते एकमेकांच्या मागे-पुढे सरकवून ठेवा. मधून पाणी जातं, माणूस जातो, म्हैस जाते. आवाजाला मात्र सरळ वाट नाही. दोन तुकडे एकमेकांवर किती आले पाहिजेत? फटीच्या रुंदीच्या साधारण चौपट. आणि या बोळात तोंड करून असलेल्या बाजूंना शोषक थर लावला तर उत्तम, कारण आवाज तिथेच टोले खातो.

शोषक पॅनेल वापरलंच तर ते पुराच्या रेषेच्या वर सुरू करा, खाली चिरा किंवा काँक्रीट. रॉकवूलमध्ये एकदा गाळाचं पाणी शिरलं की ते पॅनेल संपलं. आणि भिंतीला वरून टोपी हवी, बाहेर आलेली, जिची पागोळी भिंतीपासून दूर पडेल. आपल्या आज्या पावसाआधी पडवीला झापांची झड बांधायच्या ना? तत्त्व तेच. उभ्या पावसापेक्षा तिरकी झड जास्त भिजवते.

ग्रामसभेत काय विचाराल

आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शांतता क्षेत्रात, म्हणजे शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत, दिवसा ५० आणि रात्री ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हा आकडा हातात ठेवून बोला.

आपल्याकडे भिंती नाहीत असं नाही. मुंबईत उड्डाणपुलांवर आहेत, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर मध्य प्रदेशाच्या बाजूला जनावरांसाठी ४ मीटर उंच पोलादी भिंती आहेत. वाघाला शांतता मिळू शकते, तर शाळेतल्या पोरांना का नाही?

पण मागताना हे प्रश्न विचारा:

एक. प्रमाणपत्र कशाचं आहे? प्रयोगशाळेत नवा, कोरडा नमुना एका घुमणाऱ्या खोलीत ठेवून शोषण मोजतात. ते ठीक, पण ती भिंतीची जन्मपत्रिका झाली, तब्येतीचा रिपोर्ट नव्हे. युरोपात उभ्या भिंतीसमोर स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून जागेवरच मोजायची पद्धत आहे, ईएन १७९३ या मानकाच्या पाचव्या भागात. आणि ध्वनिगुण किती वर्षं टिकतील यासाठी ईएन १४३८९ हे वेगळं मानक आहे. तसं जागेवरचं मोजमाप बांधल्यावर एकदा, दुसऱ्या पावसाळ्यानंतर आणि पाचव्या पावसाळ्यानंतर, असं करारात लिहून घ्या.

दोन. धुणार कोण, किती वेळा, कुठल्या पैशातून? दोष दायित्व कालावधी संपल्यावर कोण?

तीन. पॅनेलच्या तळाला पाणी जायला भोकं आहेत का?

चार. ‘रंग लावू नये, पोस्टर चिकटवू नये’ हे भिंतीवरच लिहिणार का?

तुमच्या फोनचं काम

आता तुमची पाळी. फोनमधल्या ॲपचा डेसिबल आकडा कोर्टात चालणार नाही, फोनाफोनात फरक असतो. पण तोच फोन, तीच जागा, तीच वेळ ठेवलीत, तर तुलना उपयोगी पडते.

कुठेही अशी भिंत सापडली, मुंबईत, पुण्यात, गोव्यात, तर गाड्या कमी असताना भिंतीपासून सतरा पावलं नाही, सतरा मीटर दूर उभे राहा, रस्त्यावर नाही, सुरक्षित जागी, आणि जोरात एक टाळी वाजवा. रेकॉर्ड करा. आवाज जाऊन यायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, म्हणजे प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. भिंत पीत असेल तर तो मऊ, दबका येईल. पीत नसेल तर टणक, चटकन. हेच जुलैमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा करा. नोव्हेंबरमध्ये प्रतिध्वनी परत मऊ झाला, तर भिंत नुसती ओली होती. तसाच टणक राहिला, तर छिद्रं बुजली, धुवायची वेळ झाली. काँक्रीटची सच्छिद्र भिंत असेल तर कोरड्या दिवशी ओंजळभर पाणी मारून बघा. झटकन आत गेलं तर छिद्रं जिवंत आहेत, ओघळून खाली आलं तर थर बसलाय.

रेकॉर्डिंग पाठवताना जागा, महिना आणि भिंत किती वर्षांची ते सांगा. कोणाचं नाव, गाडीचा नंबर नको. दहा-बारा ठिकाणच्या टाळ्या जमल्या की आपण त्या एकामागून एक लावून ऐकू, एका भागात. शाळेतल्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलं तर अजून मजा.

आणि हो, तुमच्या गावात हायवेला लागून शाळा असेल तर पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच बघून ठेवा. भिंत मिळेपर्यंत दोन-तीन पावसाळे जातील. त्यानंतर ती किती टिकेल, हे करारातल्या दोन ओळींवर ठरणार आहे, आणि त्या ओळी लिहून घ्यायची वेळ भिंत उभी राहण्याच्या आधीची असते.

चला, भेटू पुढच्या भागात. येवा, ऐकत ऱ्हवा!